टाइम्स स्क्वेअरच्या ५४ मजल्यांत वाढलेलं मुलांचं चॅनेल

जाईचीवेल (धागाकर्ती)

गेल्या शनिवारी आईला आणि लेकीला घेऊन न्यूयॉर्कला ‘द लायन किंग’ बघायला गेले होते. आई-बाबा साताऱ्याहून दोन महिन्यांसाठी आलेत. बाबांचे गुडघे कुरकुरत होते म्हणून ते घरीच थांबले. नाटक मिन्स्कॉफ थिएटरमध्ये चालू आहे. सरकत्या जिन्यांनी वर जावं लागतं, आणि मध्यंतरात बाहेर आलं की समोर मोठाल्या काचा, खाली अख्खा टाइम्स स्क्वेअर. सहा वर्षांच्या लेकीने काचेला नाक लावलं ते काढेचना. श्वासाने काच धुरकट झाली की बाहीने पुसायची, पुन्हा नाक चिकटवायची. आई म्हणाली, "एवढ्या झगमगाटात वरच्या ऑफिसांमधे कामं कशी होत असतील गं?"

तेव्हा एकदम लक्षात आलं की आपण १५१५ ब्रॉडवेमध्ये उभ्या आहोत. वन ॲस्टर प्लाझा. निकलोडियन या मुलांच्या चॅनेलची इमारत!

मी २००२ मध्ये आठ वर्षांची असताना आई-बाबांबरोबर न्यू जर्सीत ईस्ट ब्रन्सविकला आले. शाळेत पुस्तकातलं इंग्रजी समजायचं, पण मुलं आपापसात बोलायला लागली की काही म्हणजे काही कळायचं नाही. डबा खाताना मी नुसती हसायचे, बाकीची हसली की. घरी आल्यावर संध्याकाळी निकलोडियन लावायचे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये ‘यू-पिक लाइव्ह’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला होता, तो २००५ पर्यंत चालला. पुढे कुठलं कार्टून लावायचं ते मुलांनी चॅनेलच्या संकेतस्थळावर मत देऊन ठरवायचं. मधल्या वेळात स्टुडिओत खेळ, दंगा, बोलावलेली मुलं. सगळं थेट, त्यामुळे सूत्रधार चुकायचे, अडखळायचे, हसायचे आणि पुढे जायचे. मला तेच फार हवंसं वाटायचं. इंग्रजी बोलताना अडखळलं तरी चालतं, हे मला त्यांच्याकडे बघून पहिल्यांदा कळलं.

आमच्याकडे तेव्हा फोनच्या तारेवरचं इंटरनेट होतं. मत द्यायचं म्हणजे तेवढा वेळ फोन बंद. आई साताऱ्याहून आजीचा फोन येईल म्हणून वाट बघत असायची, तरी मला पाच मिनिटं द्यायची. मी ज्याला मत दिलं तेच कार्टून लागलं की वाटायचं, या देशात कुणीतरी माझं ऐकलं.

तो कार्यक्रम याच इमारतीतल्या स्टुडिओतून व्हायचा. मला तेव्हा पत्ताच नव्हता. टीव्हीतली जागा ही टीव्हीतच असते असं वाटायचं.

परवा रात्री घरी येऊन या इमारतीबद्दल जे जे माहीत होतं ते सगळं डोक्यात जुळवत बसले. ५४ मजले, सुमारे ७४५ फूट उंची, १९७२ मध्ये पूर्ण. ब्रॉडवेच्या पश्चिमेला ४४व्या आणि ४५व्या रस्त्याच्या मधला पूर्ण तुकडा तिचा. १९९० मध्ये व्हायकॉमने इथे जागा घेतली. एमटीव्ही आणि निकलोडियन दोन्ही त्याच कंपनीचे. टाइम्स स्क्वेअर तेव्हा बदनाम होता, संध्याकाळनंतर पोराबाळांना घेऊन तिकडे जाण्याची सोय नव्हती. डिस्नेने ४२व्या रस्त्यावरचं न्यू ॲम्स्टरडॅम थिएटर दुरुस्त करून उघडलं ते १९९७ मध्ये. म्हणजे मुलांचं चॅनेल चालवणारी माणसं त्याच्या बरीच वर्षं आधीपासून त्या चौकात रोज कामाला येत होती.

दारावर याची कुठे पाटी नाही. म्हणून हा धागा. कुणी तिथे काम केलंय का, मुलांना घेऊन गेलंय का, नुसतं खालून बघितलं असेल तरी लिहा.

तिसरीघंटा

छान धागा! तुम्ही ज्या काचेशी उभ्या होता ते नाट्यगृह त्या इमारतीत आहे, यामागे एक गोष्ट आहे आणि ती मला फार प्रिय आहे.

त्या जागी आधी हॉटेल ॲस्टर होतं. १९०४ मध्ये उघडलं, म्हणजे ज्या वर्षी लाँगेकर स्क्वेअरचं नाव टाइम्स स्क्वेअर झालं त्याच वर्षी. १९६७ मध्ये ते पाडलं आणि मिन्स्कॉफ कुटुंबाच्या कंपनीने तिथे ऑफिसांची इमारत काढायचं ठरवलं. नुसती ऑफिसं. जमिनीचे भाव बघता त्या भागातली जुनी नाट्यगृहं एकेक करून अशीच जाणार अशी भीती होती. तेव्हा महापौर होते जॉन लिंडसे. त्यांच्या काळात शहराने नवा नियम केला: नाट्य विभागात जो बिल्डर इमारतीत नवीन नाट्यगृह बांधेल त्याला २० टक्क्यांपर्यंत जादा बांधकाम करता येईल. आपल्या भाषेत जादा एफएसआय. या नियमाखाली उभी राहिलेली पहिली इमारत हीच. मिन्स्कॉफ १९७३ च्या मार्चमध्ये सुरू झालं, सुमारे १,७०० खुर्च्यांचं. ‘द लायन किंग’ २००६ मध्ये न्यू ॲम्स्टरडॅममधून इकडे हलवलं.

मागच्या बाजूला शुबर्ट ॲली आहे, दोन रस्त्यांना जोडणारी पायवाट. प्रयोग संपल्यावर सगळे पुढच्या दिव्यांकडे धावतात. तुम्ही पुढच्या वेळी आईंना मागून आणा. तिथे रंगभूमीचा वास येतो. मी जवळजवळ तीस वर्षं प्रयोगांना जातोय, अजून त्या गल्लीतून चालताना पाय आपोआप हळू होतात.

पाणपोई

एक शंका. निकलोडियनचा स्टुडिओ फ्लोरिडात होता ना? आम्ही १९९८ मध्ये ऑर्लँडोला गेलो होतो तेव्हा मुलांना दाखवला होता. बाहेर हिरव्या स्लाइमचं, म्हणजे बुळबुळीत लगद्याचं, कारंजं होतं. माझा मुलगा त्याच्यापुढून हलायला तयार नव्हता.

जाईचीवेल

@पाणपोई, तुमचं बरोबर आहे, तोही होताच. ऑर्लँडोला युनिव्हर्सलच्या आवारात १९९० ते २००५. खेळांचे मोठे कार्यक्रम, प्रेक्षक मुलं, स्लाइमची पिंपं, सगळं तिकडे. १९९२ मध्ये तिथे मुलांच्या आवडीच्या वस्तूंची एक पेटीही पुरली होती, २०४२ मध्ये उघडायची म्हणून. स्टुडिओ बंद झाल्यावर पेटी हलवली, आता ती कॅलिफोर्नियात बरबँकला चॅनेलच्या ॲनिमेशन स्टुडिओत आहे. २०४२ मध्ये मी ४८ वर्षांची असेन. मला ती उघडलेली बघायची आहे.

पण कारभार न्यूयॉर्कहून चालायचा. काय लावायचं, काय नाही, हे १५१५ ब्रॉडवेला ठरायचं. आणि ‘यू-पिक’सारखे रोजचे थेट कार्यक्रमही तिथले. २०१३ मध्ये ‘निक स्टुडिओ १०’ म्हणून पुन्हा एक प्रयत्न झाला होता, तो काही महिन्यांतच बंद पडला. तोवर मुलांना थेट कार्यक्रमासाठी थांबायची सवय राहिली नव्हती, असं मला वाटतं.

आरेखन

मी वास्तुरचनाकार आहे, त्यामुळे थोडं वेगळ्या बाजूने.

इमारतीचे रचनाकार डर स्कट, कान अँड जेकब्स या फर्ममधले. ट्रम्प टॉवर त्यांनी नंतर केला. माथ्याकडे बघा, कोपऱ्यांच्या भिंती छताच्या वर टोकदार पंखांसारख्या निघाल्यात. लांबून ती इमारत त्यावरूनच ओळखायची. मला ती सुंदर वाटत नाही. रस्त्यावरून चालणाऱ्या माणसाला ती काही देत नाही, जे देते ते तिसऱ्या मजल्यावर गेल्यावर. तरीही तिच्याबद्दल आदर आहे, कारण एका इमारतीच्या पोटात किती तऱ्हेचे जीव राहू शकतात हे तिने दाखवलं.

सुरुवातीला ती डब्ल्यू. टी. ग्रँट या दुकानांच्या साखळीच्या नावाने ओळखली जायची. ती कंपनी १९७५ मध्ये दिवाळखोरीत गेली. तळघरात १९७४ पासून एक प्रचंड सिनेमागृह होतं, लोझ ॲस्टर प्लाझा. १९७७ मध्ये ‘स्टार वॉर्स’ तिथे लागला होता. २००४ मध्ये ते बंद होऊन पुढच्या वर्षी गाण्यांच्या कार्यक्रमांचं सभागृह झालं. म्हणजे खाली सिनेमा, वर नाटक, त्याच्यावर ऑफिसं आणि मधे टीव्ही.

आता स्टुडिओबद्दल. ऑफिसच्या टॉवरमध्ये स्टुडिओ बसवणं महाकठीण. ऑफिसचा मजला साधारण बारा-तेरा फुटी असतो, त्यात वरून हवेच्या नळ्या येतात. स्टुडिओत दिवे टांगायला वर लोखंडी जाळी लागते, तिच्याखाली कॅमेऱ्याला मोकळी जागा लागते. खांब नको असतात, आणि टॉवरचा सगळा भार तर खांबांवर. दिव्यांनी खोली तापते म्हणून थंड हवा जास्त लागते, पण हवेचा आवाज माइकमध्ये येऊन चालत नाही. रस्त्याखालून सबवे जाते, तिची थरथर. तरी लोकांनी हे केलं. कोरड्या माळावर चौकोनी शेड बांधून स्टुडिओ केला असता तर निम्म्या खर्चात झाला असता. पण माळावर खिडकीबाहेर टाइम्स स्क्वेअर नसतो.

ओसरी

@आरेखन, शेवटचं वाक्य पटलं.

मी पुण्यात बालवाडी चालवते, बावीस वर्षं झाली. निकलोडियन भारतात आलं १९९९ मध्ये. आमच्या मुलांपर्यंत मात्र ते खऱ्या अर्थाने पोचलं ‘मोटू पतलू’मुळे, २०१२ मध्ये. मूळ ‘लोटपोट’ मासिकातली चित्रकथा. न्यूयॉर्कच्या व्हायकॉमने २००७ मध्ये नेटवर्क १८ बरोबर मुंबईत व्हायकॉम १८ काढली, तिच्याकडे हे चॅनेल होतं. वर्गात मुलं एकमेकांशी हिंदीत भांडायला लागली तेव्हा मी घाबरले होते. घरी मराठी, शाळेत मराठी, आणि भांडण हिंदीत! मग मी गोष्टी सांगताना ठरवून भांडणं घालायला लागले, मराठीत. ससा-कासवाचं तर आठवडाभर चालतं. मुलं तीच वाक्यं मधल्या सुट्टीत वापरतात.

पण मला लिहायचंय ते निकलोडियनच्याच ‘ब्लूज क्लूज’ या कार्यक्रमाबद्दल. १९९६ मध्ये सुरू झाला, न्यूयॉर्कमध्येच बनायचा. सूत्रधार एकटा पडद्यावर, बाकी सगळं चित्र. तो प्रश्न विचारायचा आणि थांबायचा. खरंच थांबायचा, मुलाला उत्तर सुचेपर्यंत. एकच भाग सोमवार ते शुक्रवार रोज दाखवायचे. पहिल्या दिवशी मूल नुसतं बघतं, पाचव्या दिवशी ओरडून उत्तर देतं. प्रत्येक भाग तयार होताना छोट्या मुलांना तीनदा दाखवून बघायचे आणि त्याप्रमाणे बदलायचे. माझ्या बहिणीने अमेरिकेहून व्हिडिओ कॅसेट आणली होती, ती बघून मी माझी शिकवायची पद्धत बदलली. आधी मी प्रश्न विचारून लगेच स्वतःच उत्तर द्यायचे. मुलं तशीच बघत राहायची. आता मनात दहा आकडे मोजते. सातव्या-आठव्याला एखादा हात वर येतोच.

कोरडवाहू

सगळ्यांच्या आठवणींचा आदर ठेवून लिहितो. हे चॅनेल १९७९ मध्ये सुरू झालं तेव्हा त्यावर जाहिराती नव्हत्या. पाचेक वर्षांत त्या आल्या. नंतर खेळणी, गोड खाऊ, सिनेमे, सगळं मुलांच्या हट्टातून विकलं गेलं. ५४ मजल्यांचं भाडं कार्टूनच्या प्रेमापोटी भरलं जात नाही. माझ्या दोन्ही मुलांचं लहानपण इथे गेलं. दुकानात मांडणीपुढे बसून रडणाऱ्या मुलाला उचलून बाहेर आणायची वेळ माझ्यावर कितीदा आली. पगार बेताचा होता. मूल रडतंय आणि खिशात नाही, हे ज्याने अनुभवलंय त्याला या इमारतीबद्दल एवढं हळवं होता येत नाही.

जाईचीवेल

@कोरडवाहू, तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. आईला दाखवलं. ती म्हणाली, "त्यांना सांग, तू पण एकदा बसली होतीस दुकानात फतकल मारून." मला आठवत नाही. तिला आठवतं, कुठल्या दुकानात ते सुद्धा.

मी तुमचं म्हणणं खोडत नाही. दोन्ही गोष्टी एकाच छताखाली होत होत्या. जाहिरातींचे दर ठरवणारी माणसं तिथेच बसायची आणि एखाद्या परक्या मुलीला बोलायचं धाडस देणारा कार्यक्रमही तिथेच व्हायचा. एकीच्या पैशावर दुसरं चालत होतं. मला धाडस मिळालं, आईला त्रास झाला. आजवर मी फक्त पहिलं सांगत आले, हे आज लक्षात आलं.

निशिगंध

मी या साइटवर नेहमी नुसती वाचते, पण आज लिहिते.

११ सप्टेंबर २००१ ला आम्ही क्वीन्समध्ये, जॅक्सन हाइट्सला राहत होतो. मुलगा चार वर्षांचा. नवरा मॅनहॅटनमध्ये कामाला. सकाळपासून त्याचा फोन लागत नव्हता. टीव्हीवर जिकडे जावं तिकडे तेच चित्र. एमटीव्हीवर गाणी नाहीत, तिथेही सीबीएस या चॅनेलच्या बातम्या. मुलगा मागून येऊन उभा राहिला आणि पडद्याकडे बघत राहिला. मी घाईघाईने बटणं दाबत गेले आणि निकलोडियनवर आले. तिथे कार्टून चालू होतं. रोजच्यासारखं.

त्याच कंपनीच्या बाकी चॅनेलवर बातम्या होत्या, या एका चॅनेलवर त्यांनी मुलांचे नेहमीचे कार्यक्रम चालू ठेवले होते. कुणीतरी तसं ठरवलं असणार. त्याच शहरात बसून, त्यांची स्वतःची माणसं बाहेर असताना.

मी आवाज थोडा वाढवला आणि स्वयंपाकघरात रेडिओ हळू लावून ऐकत राहिले. खिचडी टाकली. दोनदा मीठ घातलं. नवरा क्वीन्सबरो ब्रिजवरून चालत चालत संध्याकाळी घरी आला, बूट पांढरेफटक. मुलगा दार उघडून म्हणाला, "बाबा, आज टीव्ही दिवसभर!" तो आता अठ्ठावीस वर्षांचा आहे. त्या दिवसाबद्दल त्याला एवढंच आठवतं.

तिसरीघंटा

निशिगंध, वाचून गप्प बसलो बराच वेळ. लिहिलंत ते फार चांगलं केलंत.

ओसरी

निशिगंध ताई, नमस्कार तुम्हाला.

याच चॅनेलने २००४ च्या ऑक्टोबरमध्ये एका शनिवारी दुपारी तीन तास स्वतःचं प्रसारण थांबवलं होतं. मुलांनी उठून बाहेर खेळायला जावं म्हणून. पुढे दरवर्षी करू लागले. आमच्या सोसायटीत मी ते ऐकून एक रविवार तसा ठरवला, दुपारी चार ते सहा कुणाच्याच घरी टीव्ही नाही. पहिल्या रविवारी मुलं जिन्यात बसून राहिली, काय करायचं सुचेना. तिसऱ्या रविवारी पार्किंगमध्ये लगोरी लागली होती. पक्क्या फरशीवर चेंडू फार उसळतो, त्यावरून भांडणं झाली. मराठीत!

पाणपोई

@ओसरी :) वाचतेय सगळं. मुलाला (आता बत्तीसचा) धाग्याचा दुवा पाठवला. त्याचं उत्तर एका ओळीचं: "आई, स्लाइमला वास यायचा का तुला आठवतं?" मला नाही आठवत. कुणी जवळून बघितलंय का?

आरेखन

थोडी आजची स्थिती: व्हायकॉम २०१९ मध्ये सीबीएसशी एकत्र आली, २०२२ मध्ये नाव पॅरामाउंट झालं. इमारतीची मालकी एसएल ग्रीन या कंपनीकडे. त्यांनी या इमारतीत कॅसिनो करायचा प्रस्ताव दिला होता. नाट्यव्यवसायातल्या बऱ्याच लोकांनी विरोध केला, आणि २०२५ च्या सप्टेंबरमध्ये स्थानिक समितीने तो मतदानाने फेटाळला. ज्या नियमाने नाट्यगृह वाचवण्यासाठी इमारत उंच झाली, त्याच नाट्यगृहवाल्यांनी पन्नास वर्षांनी तिच्यासाठी उभं राहावं, हे मला खूप मोठं वाटतं.

जाईचीवेल

सगळ्यांचे आभार. काल रात्री जेवताना बाबांना सगळा धागा वाचून दाखवला.

बाबा तेव्हा रोज ईस्ट ब्रन्सविकहून बसने पोर्ट ऑथॉरिटी बसस्थानकावर उतरायचे आणि सहाव्या ॲव्हेन्यूवरच्या ऑफिसला चालत जायचे. मी विचारलं, कुठल्या रस्त्याने? म्हणाले, "जाताना चव्वेचाळीस, येताना पंचेचाळीस. बदल म्हणून." म्हणजे दिवसातून दोनदा ते त्या इमारतीला घासून जात होते. आणि संध्याकाळी मी टीव्हीपुढे.

मग म्हणाले, "तिथे पोलिसांचे कठडे असायचे गं. खाली शेकडो पोरं-पोरी वर बघून किंचाळायची." तो एमटीव्हीचा ‘टीआरएल’ हा गाण्यांचा कार्यक्रम. त्याचा स्टुडिओ दुसऱ्या मजल्यावर काचेमागे होता आणि खाली रस्त्यावर अशीच गर्दी जमायची. १९९८ पासून दहा वर्षं चालला. बाबांना वाटायचं कुणी पुढारी येतोय. त्या गर्दीपायी त्यांची बस चुकायची, पुढची अर्ध्या तासाने. मग घरी यायला उशीर, मी तोवर जेवून झोपलेली.

"एकदा पावसात तिथेच छपराखाली उभा होतो वीसेक मिनिटं," म्हणाले. "तुझ्यासाठी घेतलेली वही भिजली होती. जांभळ्या कव्हरची."

ती वही मला आठवते. पानं फुगली होती, शाई पसरायची. मी त्यात दर आठवड्याला कुठल्या कार्टूनला मत दिलं ते लिहायचे.

बाबांनी आज सकाळी गुडघ्याला तेल चोळून घेतलंय. शनिवारी बसनेच जायचं म्हणतायत, गाडी नको. पंचेचाळीसव्या रस्त्यावरचं ते छप्पर त्यांना दाखवायचंय. @तिसरीघंटा, शुबर्ट ॲलीत बसायला बाक आहे का? नसेल तर घडीची खुर्ची बरोबर घेते.